नागपूरच्या विमानाची अकोल्यातली पंगत

बाररूममध्ये किस्से का साचतात, याचं कारण अगदी साधं आहे. केसचा पुकारा होईपर्यंत वकिलाला कुठं जाता येत नाही आणि दुसरं काही करताही येत नाही. मग तो बोलतो! आमच्या बुलढाण्याच्या बाररूममध्ये तीन बाकं होती, एक माठ होता आणि एक डुगडुगणारं टेबल. बाकी सगळी जागा किश्श्यांनी भरलेली.

त्यातला विमानाचा किस्सा निदान आठ जण तरी सांगतात. या आठांपैकी एकानंही डोक्यावरून जाताना सोडलं, तर विमान कधी पाहिलेलं नाही. त्या विमानात आमच्या बारमधले दोघंच होते. एक नानासाहेब, म्हणजे आमचे सीनियर, आणि दुसरा त्यांच्या बॅगा उचलणारा ज्युनिअर, म्हणजे मी. तेव्हा आता नीट ऐका आणि पुढच्या वेळी सांगताना निदान माणसं तरी बरोबर सांगा.

वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेला, आमचं हायकोर्ट नागपूरला. केस मोताळ्याच्या गंगूबाईंची. बाई विधवा, मूलबाळ नाही. विहिरीसकट बारा एकर काळी जमीन त्या स्वतः करत. त्यांच्या नवऱ्याचे थोरले भाऊ श्रीपतराव म्हणायचे की भावाभावांत वाटणी कधी झालीच नाही, त्यामुळे सगळं शेत माझं. बाईंनी घरात राहावं आणि मिळेल ते खावं. बाई म्हणायच्या, वाटणी झाली आणि कागदही झाला. खालच्या कोर्टात बाई जिंकल्या, वरच्या कोर्टात हरल्या आणि नऊ वर्षांनी गाडं नागपूरला पोचलं. तिथं जज्जसाहेबांनी सांगितलं, अमुक दिवशी दुपारी तीनच्या आत अस्सल वाटणीपत्र दाखवा, नाहीतर विषय संपला.

अस्सल कागद होता बाईंच्या नवऱ्याच्या एका मित्राकडे, मुंबईत, आणि त्याचा पत्ता आत्ता कुठं लागलेला. नानासाहेब, बाई आणि मी असे आम्ही तिघं तिकडं जाऊन तो घेऊन आलो. म्हणजे यायला निघालो, तर भाद्रपदातल्या पावसानं भुसावळच्या अलीकडे रूळच वाहून गेले. तारीख दुसऱ्या दिवशीची. नानासाहेबांनी पान लावलं आणि म्हणाले, "रूळ वाहून गेले ना? आभाळ तर जागेवर आहे!"

अशा रीतीनं आम्ही विमानात बसायला निघालो.

*

त्या काळी विमानात बसण्याआधी माणसाचं वजन करत. सामानाचं वेगळं, माणसाचं वेगळं. काट्यापाशी एक चष्मेवाला कारकून बसलेला. गंगूबाई काट्यावर चढल्या. सकाळपासून पाऊस होता, त्यांचं लुगडं चिंब भिजलेलं. बाईंनी जन्मभर कापूस पिकवला, दरवर्षी खामगावच्या बाजारात नेऊन विकला, आणि दरवर्षी अडत्यानं कापूस ओला आहे म्हणून वजनात कट धरली. आज पहिल्यांदा अडत्याचं ते वाक्य स्वतः बोलायची संधी त्यांना मिळाली.

"लुगडं वल्लं हाय," त्या कारकुनाला म्हणाल्या, "वल्ल्याची कट धरा."

कारकुनाला काही उमगेना. नानासाहेबांनी कापसाच्या बाजाराची रीत त्याला गंभीरपणे समजावून सांगितली. तो म्हणाला, बाई, इथं तुम्हाला कोणी विकत घेत नाहीये. "मंग मोजता काऊन?" बाईंनी विचारलं.

कारकुनानं पेन उचललं. त्यानं दोन पौंड कमी लिहिले.

आमच्या मागे रांगेत कोण उभं असावं? श्रीपतराव! ते त्या मित्राला कागद देऊ नको म्हणून सांगायला मुंबईला आले होते, पण पोचले आमच्यानंतर एक दिवसानं. रूळ त्यांच्यासाठीही तुटलेच होते. ते काट्यावर चढले तेव्हा कारकुनानं चष्मा पुसला, परत पाहिलं आणि खात्री करायला शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावलं. तरुणपणी आखाडा गाजवलेला माणूस, साठीतही दोन माणसांची जागा अडवायचा.

*

आता आमच्या वऱ्हाडातली एक रीत सांगतो, कारण ती माहीत नसेल तर पुढचं काही कळायचं नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. त्याच्यासमोर बाईनं डोक्यावरून पदर घ्यायचा, त्याच्याशी बोलायचं नाही आणि त्याच्यापेक्षा उंच जागी बसायचं नाही. गंगूबाईंनी नऊ वर्षं या भासऱ्याला कोर्टात घाम फोडला, पण बाहेर व्हरांड्यात तो दिसला की पदर पुढं ओढून भिंतीला लागून उभ्या राहत. भांडण शेताचं, त्यात रीत कशाला मोडायची, असं त्यांचं म्हणणं.

आणि ते विमान जमिनीवर उभं असलं की नाक वर, शेपूट खाली! आत शिरलं की चढण चढून पुढं जायचं. बाईंना जागा मिळाली पुढं, श्रीपतरावांना मागं दाराशी.

बाई मधल्या वाटेत उभ्या राहिल्या त्या उभ्याच. म्हणाल्या, "थोरले खाली अन् मी वर? हे नाही जमत."

विमानातल्या मुलीनं विनवण्या केल्या. नानासाहेबांनी समजावलं की बाई, एकदा उडालं की विमान सपाट होतं, मग कोणी वर नाही, कोणी खाली नाही. बाई म्हणाल्या, "मंग सपाट झाल्यावर बसीन."

विमान दहा मिनिटं थांबलं. शेवटी श्रीपतराव उठले, चढण चढून आले आणि बाईंच्या जागेवर बसले. बाई खाली जाऊन दाराशी बसल्या. कॅप्टन सरदारजी होता, दाढी छातीपर्यंत. तो मला हळूच विचारतो, हे नवरा-बायको भांडलेत का? म्हटलं, नाही साहेब, हे वादी-प्रतिवादी आहेत!

*

उडाल्यावर तासाभरानं पुढून एक चिठ्ठी आली. तेव्हा विमान कुठं आहे, किती उंच आहे, हे कॅप्टन कागदावर लिहून पाठवायचा आणि तो कागद हातोहात सगळीकडे फिरायचा. या चिठ्ठीत लिहिलं होतं की नागपूरवर ढग टेकलेत, उतरता येत नाही, म्हणून अकोल्याला उतरतो आहोत. लढाईच्या दिवसांत अकोल्याबाहेर विमानांसाठी एक पट्टी केलेली होती, तिथं.

सकाळचे साडेनऊ. रस्त्यानं म्हणा की रेल्वेनं म्हणा, अकोल्याहून तीनच्या आत नागपूर गाठणं शक्यच नव्हतं. मी बाईंना सांगायला मागं गेलो. त्यांनी कमरेच्या पिशवीला हात लावून पाहिला, कागद तिथंच होता. एवढंच त्यांनी केलं. मला मात्र खूप वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

नानासाहेबांनी मात्र पेन काढलं. त्याच चिठ्ठीच्या मागं त्यांनी कॅप्टनच्या नावे रीतसर अर्ज लिहिला. अर्जदार नम्रतापूर्वक विनंती करतो की, सदर विमान अकोल्यास न नेता नागपुरावरच फिरते ठेवावे, ढग हटण्याचा संभव आहे, अन्यथा अर्जदाराच्या पक्षकाराचे भरून न येणारे नुकसान होईल. खाली सही, तारीख. माझ्याकडून साक्षीदार म्हणूनही सही घेतली.

चिठ्ठी पुढं गेली आणि परत आली. खाली लाल पेन्सिलीनं एकच शब्द होता, रिजेक्टेड. नानासाहेबांनी तो नाकासमोर धरून वाचला आणि त्या मुलीला विचारलं, "याच्यावर अपील कोणापुढे चालतं?"

खाली उतरल्यावरही ते कॅप्टनला सोडेनात. विमान वेळेवर पोचवण्याची कंपनीची जबाबदारी कशी आहे, हे त्यांनी बोटांवर मोजून मोजून सांगितलं. सरदारजीनं सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले आणि म्हणाला, "वकीलसाहब, बादल पर कोई दफा लागू नहीं होती."

*

पट्टीला लागूनच एक मळा होता आणि तो नेमका श्रीपतरावांच्या व्याह्यांचा. त्या दिवशी त्यांच्याकडे पितर होते. पितृपक्षाचा स्वयंपाक झालेला, व्याह्यांची म्हातारी आई केळीच्या पानावर वाढून अंगणात उभी, झाडावर दहा-बारा कावळे बसलेले. पहिला कावळा खाली उतरणार, एवढ्यात आमचं विमान घरावरून गेलं. एकूण एक कावळे उडाले ते कुठल्या कुठं!

थोड्या वेळानं आम्ही पंधरा-वीस माणसं बांधावरून चालत गेलो, निदान छपराखाली उभं राहावं म्हणून. म्हातारी पान हातात घेऊन तशीच उभी. तिनं आमच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग विचारलं, "त्या इमानातले तुम्हीच काय?"

आम्ही हो म्हटलं.

"मंग आता जेवा तुम्हीच," म्हातारी म्हणाली. "कावळे तं तुम्ही उडवले."



*

इथपर्यंत ठीक होतं. पण मग आग्रहाची सूत्रं श्रीपतरावांनी हातात घेतली. कॅप्टनला विमान सोडून येता येत नव्हतं, तर त्यांनी पंगतच विमानाच्या पंखाखाली नेली. चटया आल्या, पानं आली, वडे, कढी, खीर, अळूची भाजी. कलकत्त्याला निघालेला एक गोरा साहेबही मांडी घालून बसला. त्याला बसता येईना, तर त्याच्या पाठीशी विमानाचं चाक दिलं!

सव्वाबाराला पट्टीवरच्या माणसानं येऊन सांगितलं, नागपूर उघडलं. कॅप्टन उठायला लागला. श्रीपतराव त्याला शांतपणे म्हणाले की आमच्याकडे पंगतीतला सगळ्यात मोठा माणूस उठेपर्यंत बाकी कोणी उठत नाही, त्यातून हे पितरांचं जेवण. सरदारजी भला माणूस. म्हणाला, बरोबर आहे, आमच्याकडेही वडीलधाऱ्यांचा मान ठेवतात. आणि परत बसला.

पंगतीत सगळ्यात मोठे श्रीपतरावच! त्यांनी एक वडा घेतला. तो तोडला. कढीत बुडवला. चावला. मग खिरीची वाटी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. पैलवान माणूस, एरवी चार वडे दोन घासांत संपवणारा, भाताचं एकेक शीत वेचून खायला लागला. साडेबारा झाले. पाऊण झाला. नानासाहेबांनी खिशातलं घड्याळ काढून पानाशी ठेवलं. त्यांना कोर्टातल्या तारखा लांबवण्याच्या सगळ्या युक्त्या पाठ होत्या, ही नवी होती.

बाया मागं वाढायला उभ्या होत्या, त्यात गंगूबाई. भासऱ्याशी बोलायची सोय नाही आणि पंगत मोडायचीही सोय नाही. त्या व्याह्यांच्या घराकडे गेल्या आणि परत आल्या त्या हातात पाण्याचा तांब्या आणि खांद्यावर पंचा घेऊन. डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत. श्रीपतरावांच्या पानाशी त्यांनी तांब्या ठेवला, शेजारी पंचा ठेवला आणि बाजूला होऊन उभ्या राहिल्या. हात धुवायला पाणी, दुसरं काही नाही!

श्रीपतरावांनी तांब्याकडे पाहिलं. घरच्या बाईनं हात धुवायला पाणी आणून ठेवलं की पुढं खात बसायचं नसतं, तीही रीतच. ते उठले.

नानासाहेब माझ्या कानात म्हणाले, "नऊ वर्षांत मी केली नाही अशी उलटतपासणी झाली ही."

*

पण विमान काही उडेना. पावसानं पट्टी मऊ झाली होती, चाकं रुतत होती. कॅप्टन म्हणाला, वजन कमी करा. सगळ्यांच्या ट्रंका खाली उतरवल्या, त्या मागून रेल्वेनं येणार होत्या. तरी पुरेना. तेव्हा तो विमानाच्या दाराशी उभा राहिला आणि सगळ्यांना सांगितलं की तीन लहान माणसं उतरा किंवा एक मोठा माणूस उतरा, नाहीतर पट्टी वाळेपर्यंत सगळे इथंच. उद्या सकाळी बघू.

जो तो खिडकीबाहेर बघायला लागला. गोऱ्या साहेबानं डोळेच मिटून घेतले.

नानासाहेबांनी ताबडतोब मला उभं केलं. "हा माझा ज्युनिअर उतरेल." कॅप्टननं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, हा अर्धाच धरतो! सगळे हसले. मी आपला दाराशी जाऊन उभा राहिलो. पाठोपाठ गंगूबाई उठल्या. म्हणाल्या, मी कशाला लागते तिथं, बोलायचं वकीलसाहेबांनी आणि दाखवायचा कागद. मुंबईत मिळाल्यापासून कोणाच्या हाती न दिलेला कागद त्यांनी पिशवीतून बाहेर काढला, नानासाहेबांना द्यायला म्हणून. मला पूर्ण धरलं तरी आम्ही दोनच लहान माणसं झालो. तिसरं कोणी मिळेना. नानासाहेब उतरले तर बोलणार कोण?

मोठा माणूस विमानात एकच होता, आणि त्यानं नुसतं बसून राहायचं होतं. बाकी काही करायची गरज नाही. तीन वाजले असते आणि बारा एकर त्याचे झाले असते. हे मला कळत होतं, नानासाहेबांना कळत होतं आणि कागद हातात धरून उभ्या असलेल्या बाईंना तर कळतच होतं.

मग पुढं श्रीपतराव उठले. "मी उतरतो," म्हणाले, आणि खाली यायला लागले.

तिथून पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आम्ही अडीचला नागपूर गाठलं, टांगेवाल्यानं घोडा मारून मारून पळवला, पुकारा झाला तेव्हा नानासाहेब धापा टाकत दारात होते. कागद दाखल झाला. बारा एकर आणि विहीर गंगूबाईंकडे राहिली, आणि अजून त्या स्वतः ती जमीन करतात.

श्रीपतराव का उतरले, याची मात्र बाररूममध्ये निदान पाच कारणं सांगतात. कोणी म्हणतं, खीर जास्त झाली होती. कोणी म्हणतं, सकाळी विमानात ते घाबरले होते आणि परत बसायची हिंमत नव्हती. एक जण तर म्हणतो, व्याह्यांकडे संध्याकाळी पुन्हा वडे होते! नानासाहेबांचं म्हणणं असं की माझ्या युक्तिवादाच्या धाकानं उतरले. नानासाहेब हे अगदी मनापासून मानायचे.

*

आता शेवटचं. हे मी बाररूममध्ये आजवर बोललो नाही, कारण तिथं सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्याचं काहीतरी भलतंच होतं.

दाराशी आम्ही दोघंच होतो, बाई आणि मी. नानासाहेब पुढं कॅप्टनला किती वाजले ते सांगत होते आणि विमानाचा एक पंखा घरघरत फिरायला लागला होता, त्यामुळे आमचं बोलणं कोणाच्या कानावर गेलं नाही. बाहेर पाऊस परत सुरू झालेला. श्रीपतराव उतरणीवरून सावकाश आले, आम्ही बाजूला झालो. ते शिडीच्या पहिल्या पायरीवर उतरले. खाली नुसता चिखल, व्याह्यांचं घर मळ्याच्या पार पलीकडे, डोक्यावर साधी टोपी.

माझ्या हातात नानासाहेबांची छत्री होती. बाईंनी ती काढून घेतली. तीस वर्षं त्या घरात सून म्हणून नांदल्या, त्यातली नऊ कोर्टात गेली, एवढ्या काळात या माणसाशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर तसाच होता.

"छत्री घ्या जी," त्या म्हणाल्या. "पानी हाय."

श्रीपतराव थांबले. छत्री घेतली, पण उघडली नाही. बाईंच्या दुसऱ्या हातात वाटणीपत्र होतं आणि वाऱ्यानं दारातून पावसाचे थेंब आत येत होते.

"पदराखाली घे तो," ते म्हणाले. "कागद वल्ला होऊ देजो नको, बाई."